नळीतली वांगी

प्रिय आई,

आधी नमस्कार, मग बढाई.

माझ्या वॉर्डात दाखल असलेल्या आचारीकाकांना घशाच्या ऑपरेशननंतर दीड महिना नाकातल्या नळीतूनच अन्न जात होतं. रोज तेच पांढरं, पातळ. मी आहारतज्ज्ञ असूनही नळीत ओतताना खुशाल थापा मारायचे, "काका, आज वांग्याची भाजी आहे." ते डोळे मिटून घ्यायचे.

आज त्यांना पहिल्यांदा तोंडावाटे चमचाभर मऊ भात भरवला. ठसका न लागता गिळला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुझी नळीतली वांगी याहून चवदार होती." सगळा वॉर्ड हसला. मी मात्र रडले.

दादा म्हणतो, एकटीसाठी कशाला रांधायचं म्हणून तू चहावरच भागवतेस. खरं का? उद्या ताट वाढून घे आणि फोनवर काय वाढलंस ते सांग. थापा मारू नकोस, त्या मला लगेच कळतात.

आज पोटभर जेवलेली,
तुझी धाकटी