आटलेल्या धरणातलं गाव

४ मे, सोमवार

उद्याच्या सहलीची यादी आली. अकरा जण. मालकांचं नेहमीचं पालुपद — "समुद्रावर तर सगळं जग लोळतं. आपली माणसं चोखंदळ आहेत, जपा त्यांना." या देशात सुट्टीला आलेला माणूस वाळू सोडून हलत नाही, म्हणून आमचं पोट भरतं. आम्ही उरलेलं दाखवतो. बंद पडलेली मिठाची खाण, भंगारातल्या आगगाड्या, उन्हाळ्यात धरण आटलं की वर येणारं बुडालेलं गाव.

यादीतलं सातवं नाव वाचलं आणि चहाचा घोट तोंडातच राहिला. वय अठ्ठ्याहत्तर. निवृत्त शिक्षिका. एकट्याच. पुढे कुणीतरी लिहिलंय — "गुडघे दुखतात, कृपया काळजी घ्यावी."

बाई! पाचवी ब-च्या बाई!

घेते की. चांगली काळजी घेते.

५ मे

ओळखलं नाही. कसं ओळखणार? एकतीस वर्षं झाली. लग्नानंतर नाव-आडनाव दोन्ही बदललं, छातीवरच्या बिल्ल्यावर तर घरात हाक मारतात तेवढंच. एवढीशी झालीय म्हातारी. हातात काठी. आवाज मात्र तोच, खडू मोडल्यासारखा.

बसमध्ये मागच्या चाकावरची सीट दिली. दर खड्ड्याला टाळू छताला लागावी अशी. पुढे दोन सीटा रिकाम्या होत्या.

मग मिठाची खाण. दोनशे बारा पायऱ्या. कामगारांची जुनी लिफ्ट आहे, विचारलं तर सोडतात. मी कुणाला सांगितलंच नाही. बाकीचे खालचं पांढरं दालन बघून वर आले तरी बाई उतरतच होत्या. एकेक पायरी, भिंतीला हात लावून. तळाला पोचल्या तेव्हा मी वरून ओरडले, "चला, उशीर होतोय! निघायचंय!"

काही न बघता परत चढल्या. मी वर उभी राहून मोजल्या सगळ्या पायऱ्या.

आज झोप छान लागेल.

६ मे

खोली तिसऱ्या मजल्यावरची दिली. खालची एका तरण्याताठ्या जोडप्याला.

७ मे

आगगाड्यांचं भंगार. गंजलेल्या डब्यांतून झाडं उगवलीत, लोकांना फार आवडतं. बाई डब्यात चढू शकल्या नाहीत. बाहेर उन्हात उभ्या. "सावलीत खुर्ची मिळेल का?" म्हणाल्या. म्हटलं, "बघते." बघितलं नाही.

(अजून 'म्हणाल्या' लिहितेय! हाताला लागलेलं वळण.)

जेवताना कुणीतरी माझ्या घरचं विचारलं. मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं, "वडील शिपाई होते. शाळेत." बाईंचा घास थांबला. मग खिडकीबाहेर बघत बसल्या. शिपायाच्या मुलीच्या हातचं वाढलेलं खाल्लं, याचंच वाईट वाटलं असेल.

इथे एकदा लिहूनच टाकते. कधी लिहिलं नाही.

वर्गातल्या कपाटावर स्पर्धेत मिळालेला चांदीचा पेला असायचा. एक दिवस नाही. पुसायचं काम माझ्याकडे होतं. बाईंनी सगळ्या वर्गासमोर उभं केलं. "बोल, कुठे ठेवलास?" मग बाबांना बोलावलं. बाबा घंटेचा हातोडा हातात घेऊनच धावत आले. बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी आहे, तुम्हीच विचारा. इथेच. सगळ्यांसमोर."

बाबांनी मारलं. नोकरी होती ना. मारताना "साहेब, साहेब" करत होते, म्हणजे मला नाही, कुणाला ते त्यांनाच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी पेला सापडला. बाईंच्याच कपाटात, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे. त्याच ठेवून विसरल्या होत्या. मुकाट्याने वर ठेवला आणि फळ्यावर तारीख घातली. एक अक्षर नाही. ना मला, ना बाबांना.

बाबांनी मरेपर्यंत माझ्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

८ मे

केलं.

बुडालेलं गाव. यंदा पाणी खूप खाली गेलंय. भिंती, उंबरे, एक विहीर, टोकाला वीटभट्टीचं धुराडं, सगळं वर. मध्ये भेगाळलेला चिखल, वरून वाळलेला, आतून ओला. मी नेहमी सांगते, धुराड्याच्या पुढे जायचं नाही.

बाई मागे पडल्या होत्या. जवळ येऊन विचारलं, "बस कुठे थांबणार?"

"पलीकडे, बाई. धुराड्याच्या मागे. तुम्ही हळूहळू चालायला लागा, आम्ही वळसा घालून येतो."

माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. म्हणाल्या, "बरं." आणि काठी टेकत निघाल्या.

मी बाकीच्यांना अलीकडे बसमध्ये चढवलं. ड्रायव्हर म्हणाला, "एक कमी नाही का?"

"मोजलेत मी. काढ गाडी."

चाळीस किलोमीटरवर चहाला थांबलो तेव्हा मला 'समजलं'. अगं बाई, त्या आजी कुठायत! कपाळाला हात लावला. छान जमलं. तरण्या जोडप्यातली ती बायको तर रडायलाच लागली.

परत पोचेपर्यंत साडेपाच. धुराड्यापासून थोड्या अंतरावर एका उंबऱ्याला टेकून बसल्या होत्या. उंबराच फक्त, घर नाही. एक पाय मांडीपर्यंत चिखलाने भरलेला, विचित्र वाकडा. ओठ फुटलेले. चार तास उन्हात.

ड्रायव्हरने उचललं. मी पाणी पुढे केलं. प्यायल्या.

मला वाटलं होतं, खूप बरं वाटेल. वाटलं. जेवेपर्यंत टिकलं.

९ मे

खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणतात या वयात ऑपरेशन म्हणजे देवाच्या हवाली. ड्रायव्हर माझ्याशी बोलत नाही. त्याने मालकांना फोन केलेला दिसतोय.

११ मे

मालक आले. दार लावून घेतलं.

"ड्रायव्हर म्हणतो, त्याने विचारलं होतं. तू म्हणालीस मोजलेत."

"चुकले मोजायला."

"आठ वर्षांत कधी चुकली नाहीस!"

पोलीस विचारायला येणार. "आधी त्या बाईंचा जबाब होऊ दे," मालक म्हणाले, "मग तुझं बघतो." नोकरी तर गेलीच. घरी अजून सांगितलं नाही. नवरा विचारत होता, चेहरा का उतरलाय. म्हटलं ऊन लागलं.

दवाखान्यापर्यंत जाऊन आले. जिन्यातूनच परत फिरले. काय सांगणार होते? की मी कोण आहे ते? तेच तर सांगायचं होतं. पाय मोडून पडलेलीच्या उशाशी उभं राहून सांगायचं, ही बघा, ती चोर! तेवढ्यासाठी तर केलं सगळं.

धीर झाला नाही. उद्या जाईन.

१२ मे

बाई पहाटे गेल्या. ऑपरेशनच्या आधीच.

१४ मे

मालकांनी बोलावून जबाबाचा कागद पुढे ठेवला. बाईंनी गेल्याच्या आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने लिहिलेला. अक्षर वळणदार, ओळ सरळ. 'बस अलीकडे थांबेल असं या मुलीने मला दोनदा बजावलं होतं. मी ऐकलं नाही. चूक सर्वस्वी माझी आहे. तिला कुणी शिक्षा करू नये.'

खाली मुलीचं नाव. माझं. पाचवीच्या हजेरीतलं, बाबांच्या नावासकट पूर्ण. इथे कुणालाच माहीत नसलेलं.

"सुटलीस बघ," मालक म्हणाले. "पण हे नाव कुणाचं लिहिलंय?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "वय झालं होतं. गोंधळल्या असतील."