वमनपात्रावरचा काना

गुरुजी, तुम्ही आहात तिथं संस्कृतची अवस्था बरी असेल असं गृहीत धरून एक गंभीर तक्रार करतो: या शहरात लोक नसलेला काना वाचतात. मागच्या प्रदर्शनात मी पहिल्या पिशवीखाली सुवाच्य अक्षरांत ‘वमनपात्र’ अशी पाटी लावली. शहागंजातून आलेल्या एका आजींनी ‘वामनपात्र’ वाचलं, चपला बाहेर काढून आल्या, नमस्कार केला आणि पिशवीत नोट सोडली. मागच्या रांगेनंही तेच केलं. विमानात प्रवाशांना ओकण्यासाठी ठेवलेल्या कागदी पिशवीला माझ्यादेखत देवत्व आलं आणि मी तोंड उघडणार, तोच बायको कुजबुजली, “खबरदार दुरुस्त कराल तर! लोकांचं जेवण निघतंय त्यातनं.”

दोष तुमचाच. दिल्लीच्या संमेलनाला तुम्ही विमानानं गेलात आणि वर्गात पेढ्यांऐवजी असली एक कोरी पिशवी घेऊन आलात. “वमनपात्र. विग्रह कर.” मी ठणकावून सांगितलं, “वमनाचे पात्र. षष्ठी.” तुम्ही कपाळावर हात मारलात. “अरे महापंडिता, वांतीचं कसलं पात्र? वांतीसाठी पात्र! चतुर्थी!” आणि वर ती पिशवी मलाच बक्षीस. तेव्हापासून असल्या पिशव्या जमवायचा हा नाद. आता वाळूजच्या कंपन्यांतले माझे जुने विद्यार्थी परदेशातून येताना चॉकलेटं घरी नेतात आणि पिशव्या मला आणून देतात. प्रदर्शनात जमेल त्या देणगीतून सरकारी दवाखान्यातल्या कॅन्सरच्या रुग्णांच्या नातेवाइकांना आम्ही दुपारचं जेवण देतो. डबे बायको भरायची.

या रविवारी औरंगपुऱ्यात पुन्हा प्रदर्शन आहे. घरात खोक्यांमधून आडवं होऊन चालावं लागतं. रद्द करावं तर जेवण बंद पडतं. करावं तर दिवसभर घराबाहेर राहावं लागतं, कारण त्याच दवाखान्यात आता बायकोला सलाइनमधून औषध देतात. परवा घरी आल्याआल्या तिला मळमळून आलं. हाताला लागली ती पिशवी मी पुढं केली. तिनं ती बाजूला सारली. “अहो, ही नको. ती विमानकंपनी बंद पडलीय, परत नाय मिळायची,” म्हणत भिंत धरधरून मोरीपर्यंत गेली. तोंड धुऊन आल्यावर मलाच दम, “घरी बसून माझ्या तोंडाकडं बघत राहू नका. रविवारी जावा गुमान.”

हे पत्र धाडायला तुमचा पत्ता नाही, आणि घरात ठेवलं तर ती वाचेल. तेव्हा फाडूनच टाकेन. पण त्याआधी सांगतो. डॉक्टरांनी मला एकट्याला भेटायला बोलावलंय. प्रदर्शनाची गडबड आहे, असं सांगून मी टाळतोय. गडबड कसलीच नाही, गुरुजी. पाट्या कधीच लिहून झाल्यात. ते जे सांगतील, ते ऐकून घरी आल्यावर तिच्याशी काय बोलायचं, ते मला येत नाही.