लेआउटमधलं जहाज

४ मार्च १९७८, शनि.

आर्किटेक्चर विभागात तिसरे व्याख्यान. ‘सर्वांसाठी खुले’ असा बोर्ड लावतात, पण बाहेरचा म्हणावा असा मी एकटाच. तिसरी रांग, कडेची खुर्ची. पडदा डावीकडे कलला होता, स्लाइडमधली प्रत्येक भिंत पडायला आल्यासारखी. शिपायाला सांगून सुरू व्हायच्या आत सरळ करून घेतला. इतरांना कसे दिसत नाही?

पाहुणे प्राध्यापक दक्षिणेकडचे. इंग्रजी स्वच्छ, सावकाश. शेवटी मी गच्चीच्या कोब्याबद्दल विचारले. ‘गुड क्वेश्चन’ म्हणाले. सगळ्यांसमोर.

पुढच्या शनिवारचा विषय : या शहरातली घरे. आणि परवाच दोन विद्यार्थी कॅमेरा घेऊन आमच्या वसाहतीत, लेआउटमध्ये, आले होते, पैकूजींच्या बंगल्याचे फोटो काढून गेले. बंगला पैकूजींचा, म्हणजे माझा. नकाशा माझा, देखरेख माझी. गच्चीच्या कठड्याचा पाइप वाकवताना लोहाराच्या शेजारी उभा होतो. तीन गोल खिडक्या, पुढे जहाजाच्या नाळेसारखा निघालेला सज्जा. सात वर्षे झाली, अजून लोक सायकल थांबवून बघतात. ‘जहाज बंगला’ विचारले की रिक्षावाला बरोबर आणतो.

आयुष्य सरकारी ऑफिसात दुसऱ्यांचे नकाशे ट्रेस करण्यात गेले. त्यातूनच शिकलो, कोणी शिकवले नाही. आता युनिव्हर्सिटीच्या पडद्यावर.

संध्याकाळी पैकूजींना सांगून आलो. मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले, आता इतवारीत लुगड्यांचे दुकान. “मीबी येतो जी, इंजिनेर भाऊ. कोट घालू का?”

मी इंजिनिअर नाही. त्यांना कधी सांगितले नाही.

११ मार्च, शनि.

जाऊन आलो. पैकूजी कोट घालून आले होते.

जेवलो नाही. सौ.ने विचारले तर पोट दुखते म्हणालो. उद्या लिहीन.

१२ मार्च, रवि.

क्रमाने लिहितो, म्हणजे काही सुटणार नाही.

आधी महाल भागातली जुनी घरे दाखवली. जाड भिंती, लहान खिडक्या, चौक. चांगले बोलले. मग पडद्यावर आपला बंगला. फोटो दुपारचा, समोरून. तिन्ही गोल खिडक्यांवर आतून गोणपाट. ते मला माहीत नव्हते.

प्राध्यापक म्हणाले (इंग्रजीत, मी अर्थ लिहितो), “समुद्र इथून फार लांब आहे. तरी हे जहाज पोचले, आणि रुतून बसले.” हॉल हसला. मग पॉइंटरची काठी घेऊन एकेक दाखवले. तोंड पश्चिमेला. सावलीला काही नाही. काच पक्की बसवलेली, उघडत नाही. “घरमालकाने शेवटी गोणपाट लावले. या घरातला सर्वात शहाणा भाग तोच.” पुन्हा हशा. या वेळी मोठा.

मीही हसलो. तोंड आपोआप तसे झाले.

पैकूजींना एक अक्षर कळले नव्हते. त्यांना फक्त आपले घर दिसले, भिंतीएवढे मोठे. ते उठले, प्रोजेक्टरच्या उजेडातच. कोटासकट सावली बंगल्यावर पडली. हात जोडून म्हणाले, “माहं घर हाय जी हे!”

टाळ्या पडल्या. टाळ्यांत शिट्ट्या.

प्राध्यापक गडबडले. माणूस वाईट नाही. त्यांनी नमस्कार केला आणि हसत विचारले, मालक भेटले, आनंद झाला; या जहाजाचे कॅप्टन कोण? इथे आहेत का? ‘कॅप्टन’ पैकूजींना समजले. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले. सगळ्या रांगांनी त्यांच्या नजरेमागे पाहिले.

आणि मी मान वळवून मागे पाहिले. जणू कॅप्टन मागच्या रांगेत बसला आहे.

सायकल स्टँडवर :
“साहेब काय म्हणले जी?”
“तारीफ केली.”
“मंग सारे हासले काहून?”
“खूश झाले.”
“अन् तुमी उठले काहून नाही?”
“आपली तारीफ आपण उभं राहून घेऊ नये.”
पैकूजी कुलूप काढता काढता थांबले. “याले म्हणते मोठा माणूस,” म्हणाले.

१४ मार्च, मंगळ.

सकाळी पैकूजी पेढे घेऊन. अख्ख्या लेआउटला वाटलेत. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, म्हणे. युनिव्हर्सिटीत माह्या घराची पिक्चर दाखवली.

मग मुद्दा. पोराचे लग्न जमते आहे, वर मजला चढवायचा. विटा सांगून आले, महिना संपला की दारात येऊन पडतील. “अर्धंच हाय न जी आतालोक. साहेबाले आवडलं, तं जहाज पुरं करून टाकू. वरती एक भोंगा पाह्यजे. धूर नाही निघाला तरी चालते.”

सौ. आत हसली. मी म्हणालो, बघतो.

पेढा ताटलीत तसाच आहे. मुंग्या.

१६ मार्च, गुरु.

वरच्या मजल्याच्या मापांसाठी पैकूजींकडे गेलो. ऑफिसला अर्धी रजा, म्हणून दुपारी चारला. पैकूजी दुकानात. पार्बताबाईंनी दार उघडले.

“बसा न भाऊ हालमंदी. तुमचाच हाय. इतल्या वर्षात दुपारचे कवा आलेच नाही तुमी.”

खरे आहे. बांधकाम चालू असताना सकाळी ऑफिसच्या आधी यायचो, नंतर चहाला संध्याकाळी. वास्तू झाली तीही माघात.

हॉलमध्ये सोफा नाही. लुगडी अंथरून मिरच्या पसरलेल्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत लाल. पाय टाकताच ठसका लागला. भिंतीला हात लावला आणि काढून घेतला.

“माह्या माहेरची हाय, भिवापुरी. लेआउटच्या साऱ्या बाया इथंच आणून टाकतात आपापली मिरची. बाहेर चार दिवस लागते, इथं दोन दिवसात खुळखुळ वाजते. पाखरू नाही, धूळ नाही. खिडकी उघडतच नाही न.” टोमणा असेल तर चेहऱ्यावर नव्हता.

तुम्ही बसता कुठे, विचारले. मागे, निंबाखाली. स्वयंपाकही उन्हाळाभर तिथेच. पैकूजींना माहीत आहे का? “ते सकाळी जातात, दिवे लागल्यावर येतात. त्यायले हाल रातचाच माहीत. रातच्याले झोपाच्या बाजा बाहेरच असतात.”

पाणी दिले. मग एकदम, “साहेब हासला न त्या दिवशी?”

“खुशीनं,” मी म्हणालो.

“माही सासूबी हासे मले पाहून, भाकर जळली म्हणजे. खुशीनं थोडीच.” पेला उचलला. “मी नाही सांगत त्यायले. पेढे वाटून राहिला माणूस. तुमचं तुमी पाहा.”

माप न घेताच आलो. टेप खिशातून काढलीच नाही.

एक गोष्ट इथे पहिल्यांदा लिहितो. मी समुद्र पाहिलेला नाही. रद्दीतल्या मासिकात समुद्राकाठच्या घरांचे फोटो होते, त्यावरून काढले. फोटोतली प्रत्येक रेघ हुबेहूब उतरवली. तिथे त्या खिडक्यांतून काय येते आणि इथे काय येईल, हा प्रश्न पडला नाही. ट्रेसरला पडत नाही. ट्रेस करायचे असते.

१९ मार्च, रवि.

काल व्याख्यानाला गेलो नाही. पैकूजी गेले. एकटे!

आज सकाळी दारात. “तुमची खुर्ची खाली दिसली, मंग मीच बसलो तिच्यात. काही समजलं नाही पण मस्त थंड हाय जी तो हाल.” नंतर प्राध्यापकांना गाठले, हिंदीत बोलले, चहाला बोलावले. प्राध्यापकांनी एकट्याने नाही, पोरांना घेऊन यायचे कबूल केले. येत्या रविवारी त्यांचे वर्कशॉप आहे, प्रत्यक्ष घरात बसून ऊन कसे शिरते ते मापायचे. “म्हणे, बनवणाऱ्यालेबी बोलवा. मी म्हटलं, ते तं घरचेच हायत.”

रविवारी गावाला जावे लागेल म्हणणार होतो. कुठल्या गावाला ते सुचले नाही.

२१ मार्च, मंगळ.

दोन नकाशे काढले. एक पैकूजींनी सांगितल्याप्रमाणे, भोंग्यासह. दुसरा : पश्चिमेला पूर्ण लांबीचा व्हरांडा, वर कौले, खिडक्यांना लाकडी झडपा, गोल काचा काढून विटांची जाळी. दुसरा चांगला झाला आहे. माझा आजवरचा सर्वात चांगला असेल. आणि त्यात जहाजाचे काही उरत नाही.

दुसरा दाखवायचा तर का काढला ते सांगावे लागते.

सौ. कणीक मळता मळता, “एका घराचे दोन नकाशे काहून?” सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले. गोळा उलटा केला. “हसले ते घराले हसले. कोणाचं चुकत नाही? पण तुम्ही मागं काहून पाह्यलं?”

“तेवढं नको विचारू.”

“मंग कोणाले विचारू?”

२६ मार्च, रवि.

आले. प्राध्यापक, दहा-बारा विद्यार्थी. हॉलच्या भिंतींना थर्मामीटर बांधले. मिरच्यांनी पोरे शिंकून बेजार, एकजण पळत बाहेर. पार्बताबाईंनी तोंडाला पदर लावून त्यांना निंबाखाली बसवले आणि चहा तिथेच दिला. पैकूजी तोच कोट घालून, घामाने भिजलेले, सगळ्यांना सज्जा दाखवत होते. त्या दिवसापुरते दुकान बंद ठेवले होते, तरी हॉलमध्ये त्यांचा पाय काही टिकला नाही. पाहुणे अंगणात, तर तेही अंगणात.

मग माझा हात धरून पुढे ओढले. “साहेब, ये हमारे इंजिनेर भाऊ. सब इन्होंने बनाया.”

प्राध्यापकांनी मला ओळखले. तिसरी रांग, कोब्याचा प्रश्न, वळलेली मान. तिन्ही एका क्षणात ओळखलेले दिसले.

पैकूजींकडे वळून त्यांच्या त्या हिंदीत म्हणाले, “उस दिन मैं बोला, आपको बुरा तो नहीं लगा?”

“बुरा काहेका साहेब? आपने तो तारीफ किया. भाऊ ने सब समझाया.”



प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिले. रागाने पाहिले असते तर बरे झाले असते. म्हणाले, “हाँ, हाँ. घर बहुत प्यार से बना है.” आणि कपातला चहा संपवला. माझे खोटे त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतले, सगळ्या विद्यार्थ्यांदेखत. पोरे खाली बघत होती.

फाटकापाशी हळूच, इंग्रजीत, “वर मजला चढवताहेत म्हणे. विटा पडण्याआधी त्यांना सांगा. तुम्हीच.” मी ‘येस सर’ म्हणालो. वयाने माझ्याहून लहान असतील.

पैकूजी रस्त्याच्या टोकापर्यंत त्यांना पोचवायला गेले. परत येऊन, “कायले गा तोंड असं? साहेब म्हणला न, प्यार से बना है!” मला ‘गा’ म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. घरच्या माणसाला म्हणतात तसे.

३० मार्च, गुरु.

विटा सोमवारी येणार. आज रजा टाकली. पैकूजींना इतवारीत जाऊन दुकानातून उठवून आणले, तीनच्या सुमारास. “काय झालं जी? पार्बता बरी हाय न?” रस्ताभर तेच. मी म्हणालो, हॉलमध्ये बसायचे आहे, दोघांनी, दुपारचे. त्यांना वाटले नकाशाचे काही असेल.

पार्बताबाईंनी मिरच्या एका अंगाला सारल्या, दोन पाट टाकले आणि मागे गेल्या. दार ओढून घेतले.

बसलो. दोन्ही नकाशे गुंडाळून मांडीवर. पैकूजींनी टोपी काढली, मग सदऱ्याचे बटन. “लय गरमते जी इथं.” थोड्या वेळाने भिंतीला टेकायला गेले आणि दचकून पुढे झाले. त्यांनी हळूहळू सगळीकडे पाहिले. मिरच्या, गोणपाट, काच. दुसऱ्याच्या घरात आल्यासारखे.

“रोज असंच असते का?”

“होळीपासून मृगापर्यंत. मला माहीत नव्हतं. माहीत असायला पाहिजे होतं.”

मग सांगितले. प्राध्यापक काय म्हणाले ते जसेच्या तसे, रुतलेले जहाज, गोणपाट शहाणे. हशा कसला होता ते. तारीफ हा शब्द माझा, ते. कॅप्टन कोण विचारल्यावर मी मागे का पाहिले, तेही. इंजिनिअर नाही, ट्रेसर आहे, हे पण सांगून टाकले. “ते मले माहीत हाय,” पैकूजी म्हणाले. “तुमच्या आफिसचा शिपाई गिऱ्हाईक हाय माहं.”

दुसरा नकाशा उघडून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी पाहिला नाही. टोपी घातली, चपला सरकवल्या, बाहेर गेले.

वाटले परत येतील. आले नाहीत. मी मधल्या गोल खिडकीचे गोणपाट सारले.

पैकूजी रस्त्यापलीकडे उभे होते, हात मागे बांधून, बंगल्याकडे तोंड करून. सायकल थांबवून लोक बघतात तसे. खरोखरच एकजण सायकलवरून उतरला, त्यांच्याशेजारी उभा राहिला. काहीतरी विचारले. पैकूजींनी बंगल्याकडे हात केला आणि बराच वेळ सांगत राहिले. सज्जा दाखवला, कठडा दाखवला. मग बोट सरळ या खिडकीकडे. तो माणूस हसला.

पैकूजी हसले की नाही ते दिसले नाही. ऊन त्यांच्या पाठीमागून, चेहरा पुरा काळा. आणि ऐकू तर काहीच येत नव्हते. काचेला कान लावून पाहिला, भाजला. नकाशात माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे, काच पक्की बसवावी.