सोनेरी बिल्ल्याचं वजन

२ फेब्रुवारी

निर्णय झाला. जुन्या क्रूझ कंपनीशी आपला संबंध संपला. कायमचा.

आठ सफरी केल्या त्यांच्याबरोबर. लोक दर सुट्टीला स्वस्त बघून नवी कंपनी धरतात. आपण तसले नाही. एकदा धरली की धरली. पाचव्या सफरीनंतर त्यांनी मला सोनेरी बिल्ला दिला, त्यावर नांगर. आणि या निष्ठेचं फळ काय? आज साडूभाऊंचा फोन. त्यांना कॅप्टनच्या टेबलावर जेवायला बसवलं. दुसऱ्याच सफरीत! त्याच जहाजावर, त्याच कॅप्टनच्या शेजारी. मला आठ सफरींत कॅप्टनने एकदा लांबून हात केला होता, आणि तोही माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंना असावा असं हिचं मत. साडूभाऊंनी सूपचं वर्णन करून करून माझा कान गरम केला. मग फोटो पाठवला. मी तो मोठा करून पाहिला नाही. दोनदाच पाहिला.

हिला सांगितलं, आता नवी कंपनी. ही म्हणाली, समुद्र तोच, पाणी तेच, आणि तुम्हीही तेच. मी म्हटलं, प्रश्न पाण्याचा नाही, मानाचा आहे. त्यावर हिने विचारलं, अहो, पण तिथे तुम्हाला ओळखतंय कोण? मी म्हटलं, सोनं कुठेही नेलं तरी सोनंच. ही म्हणाली, बरं, पण या खेपेला मी नुसती सुट्टी घेणार आहे, आधीच सांगून ठेवते.

जणू दर खेपेला ही ड्यूटीवर असते!

५ फेब्रुवारी

बुकिंग केलं. एजंटला विचारलं, जुन्या कंपनीत आठ सफरी म्हणजे तुमच्याकडे किती धरल्या जातील? म्हणाला, शून्य. पोरगा नवखा दिसला.

संकल्प: नव्या जहाजावर जुन्या कंपनीचं नावसुद्धा काढायचं नाही. वजन वाढू द्यायचं नाही. बिल्ला घरीच ठेवायचा.

१३ मार्च

बॅग भरली. बिल्ला घेतलाय, पण फक्त बॅगेत. खिशात मावणारा वजनकाटाही घेतला. सगळी नोकरी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून गेली. काटा जवळ नसला की मला चष्मा विसरल्यासारखं होतं.

१४ मार्च, जहाजावर

बंदरावर वारा होता, म्हणून कोट घातला. कोट रिकामा दिसत होता, म्हणून बिल्ला लावला.

खास पाहुण्यांच्या काउंटरवर सरळ गेलो. तिथल्या मुलीने बिल्ला नीट निरखला. मग म्हणाली, सर, हा आमच्या कंपनीचा नाही. मी म्हटलं, ठाऊक आहे, फक्त तुमच्या माहितीसाठी दाखवतोय. तिने आभार मानले आणि रांग कुठे सुरू होते ते दाखवलं. रांग पार्किंगमध्ये सुरू होत होती.

मी रांगेत संतापून उभा. ही मात्र पुढच्या बाईंच्या सुटकेसवर बसून त्यांच्या सुनेची गोष्ट ऐकत होती. आत पोचेपर्यंत दोघी मैत्रिणी.

एक गोष्ट खटकली. दर सफरीला जहाजावर पाय ठेवला की ही जरा पाय मोकळे करून येते म्हणत बाहेर पडते आणि अर्ध्या तासाने उगवते. नेमच तो. आज मात्र पलंगावर आडवी झाली आणि घोरायला लागली. वय झालं बिचारीचं.

१५ मार्च

विचित्र जहाज. इथे कोणी ओळखत नाही.

जुन्या जहाजावर पहिल्या सकाळपासून वेटर वाकून म्हणायचा, या साहेब, अंडं कडक ना? आठही सफरींत. न सांगता! माणसाची पारख म्हणतात ती ही. इथल्या वेटरने विचारलं, रूम नंबर? आणि अंडं आणलं ते असं पातळ की चमच्याला धरवेना. मी त्याच्या समोरून मुद्दाम तीनदा गेलो, ओळख पटावी म्हणून. तिसऱ्या वेळी त्याने अदबीने टॉयलेटकडे बोट केलं.

दुपारी लाइफ जॅकेटची कवायत. नवे लोक गोंधळलेले. त्यांच्यासमोर आदर्श असावा म्हणून सूचना सुरू व्हायच्या आत मी जॅकेट चढवून दाखवलं. ते लहान मुलांचं निघालं. काढायला दोन खलाशी लागले. टाळ्या मात्र मिळाल्या.

१६ मार्च

लोण्याची वडी पाकिटावर दहा ग्रॅम. काट्यावर नऊ. हेडवेटरला बोलावून शांतपणे निदर्शनास आणलं. तो गेला आणि वाडगाभर लोणी घेऊन आला. मी म्हटलं, हे लाच देण्यासारखं आहे. परत पाठवलं. म्हणजे उरलेलं.

वजनाचा संकल्प उद्यापासून.

साधी ऑर्डरही यांना नीट घेता येत नाही. मी ज्यूस आणायला उठलो तेवढ्यात हिच्यापुढे कॉफी आणून ठेवलेली! लगेच परत पाठवली आणि चहा मागवला. चहा तसाच गार झाला. तोही वाईटच असणार.

संध्याकाळी डेकवर कोणीतरी मोठ्याने हाक मारली. मी रुबाबात वळलो. हाक हिला होती. डान्स क्लासच्या बाई, लिफ्टवाला, आमच्या खोलीचा अटेंडंट, सगळे हिला काकू म्हणतात. हीसुद्धा सगळ्यांना हात करत चालते, निवडणुकीला उभी असल्यासारखी. अटेंडंटने माझ्याकडे पाहून विचारलं, हे काकूंचे मिस्टर का?

तीन दिवसांत मी मिस्टर झालो.

१७ मार्च

आज लिहायला नको वाटतंय. तरी लिहितो, कोण वाचणार आहे.

जेवलो नाही. डेकवरच्या खुर्चीत बसून राहिलो. वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. एके काळी मी बाजाराच्या टोकाला दिसलो की दुकानदार उठून उभे राहायचे. वजनं पुसल्याचे आवाज यायचे. खुर्ची पुढे व्हायची. रिटायर झालो आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाजारात एकाने मला कांदे निवडू नका म्हणून दटावलं. तेव्हापासून वर्षातून एकदा, त्या जुन्या जहाजावर, कोणीतरी मला साहेब म्हणायचं. तेवढंच होतं. तेही मी साडूभाऊंच्या सूपपायी घालवलं.

हिला यातलं काही बोललो नाही. नुसतं म्हटलं, पोट बरं नाही. ही बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत बसली. तिचा डान्स क्लास होता. नवे बूट घालून तयार होती. मग बूट काढले, चपला घातल्या आणि म्हणाली, जरा पाय मोकळे करून येते.

अर्ध्या तासाने आली. क्लास बुडाला.

१८ मार्च, सकाळ

चमत्कार! चमत्कार!

दार उघडलं तर अटेंडंट ताठ उभा. गुड मॉर्निंग, इन्स्पेक्टर साहेब! लिफ्टवाला: इन्स्पेक्टर साहेब, कितवा मजला? वेटरने खुर्ची मागे ओढली. आणि अंडं? कडक! भिंतीवर फेकलं तर परत येईल इतकं कडक!

कारण उघड आहे. लोण्याची तक्रार वरपर्यंत पोचली. जहाजभर कुजबुज झाली असणार की कोणीतरी जाणता माणूस आलाय. मी म्हटलंच होतं, सोनं ते सोनं. हिला तसं सांगितलं. ही म्हणाली, हो ना. आणि टोस्टला लोणी लावत बसली.

१८ मार्च, दुपार

मुख्य आचाऱ्याने स्वयंपाकघराचा काटा तपासायला बोलावलं! मला! पांढरी टोपी दिली. काटा चार ग्रॅम पुढे होता. दाखवून दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका भांडेवाल्याने सलाम ठोकला. जुनी कंपनी आठ सफरींत जे करू शकली नाही ते या मंडळींनी चार दिवसांत केलं.

१८ मार्च, संध्याकाळ

निमंत्रण. उद्या. कॅप्टनचं टेबल.

साडूभाऊंना कळवलं. जहाजावरचं इंटरनेट भयंकर महाग आहे. तरी दोनदा कळवलं, पहिला मेसेज पोचला नसेल तर.

१९ मार्च

कॅप्टनच्या शेजारी बसलो. अगदी शेजारी. सूप साधारणच होतं. साडूभाऊंना उगाच चढवायची सवय.

कॅप्टनने स्वतःहून विचारलं, इन्स्पेक्टर साहेब, तुमच्या नोकरीतला एखादा किस्सा सांगा ना. मग मी मासेवाल्याची गोष्ट सांगितली. पारड्याखाली चुंबक लावून तो दर किलोमागे एखादी मासळी मारायचा, आणि माझ्या खिशातल्या किल्ल्या उडून पारड्याला चिकटल्या तेव्हा पकडला गेला. टेबल हसून लोळलं. कॅप्टनने डोळे पुसले. मग तो हिच्याकडे वळला आणि म्हणाला, काकू, तुम्ही म्हणालात तशीच फक्कड निघाली चुंबकाची गोष्ट.

मीही हसलो.

खोलीत येऊन बूट काढताना हसू थांबलं. मी सांगायच्या आधी कॅप्टनला चुंबक कसं ठाऊक?

२० मार्च

सकाळी हिला विचारलं. आधी म्हणाली, तुमचं नाव झालंय सगळीकडे. मग म्हणाली, आचाऱ्याने सांगितलं असेल. मी म्हटलं, आचाऱ्याला मी मासेवाला सांगितलाच नव्हता. मग ही पलंगाच्या कडेवर बसली आणि सगळं सांगून टाकलं.

दर सफरीला. जुन्या जहाजावरही. पहिल्या संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून जायची ती अटेंडंटकडे, मग हेडवेटरकडे. सांगायची, आमच्यांना मानाची सवय आहे हो, साहेब म्हणा, अंडं कडक द्या. आठ सफरी. या वेळी मात्र तिला वाटलं होतं, एकदा तरी आपण नुसती सुट्टी घ्यावी. पण डेकवर तुम्हाला तसं बसलेलं बघवेना, म्हणाली.

मी म्हटलं, आणि काट्याच्या टाळ्या? म्हणाली, त्या खऱ्या, चार ग्रॅम तुम्हीच शोधलेत. मी विचारलं, आणि साडूभाऊंना कसं मिळालं टेबल? म्हणाली, अहो, नुसतं विचारायचं असतं. ताईने विचारलं, बसवलं. मी किती वर्षं म्हणत होते की विचारू का, तर तुम्ही म्हणायचात, मान मागून मिळत नसतो.

लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठेतरी इतकं बरं वाटलं की पुन्हा पोट बरं नाही म्हणावं लागलं. बाजार उठून उभा राहायचा तो माझ्या शिक्क्याला भिऊन. ही बाई कशाला भिऊन माझ्यासाठी दारोदार फिरली?

बिल्ला कोटावरून काढला. काट्यावर ठेवला. अकरा ग्रॅम. सोनेरी मुलामा दिलेला पत्रा असावा.

हिला डान्स क्लासला पाठवलं. जबरदस्तीने.

२१ मार्च

संकल्प, आणि हा मोडायचा नाही: आता पाय मी मोकळे करणार.

हिला कळू न देता अटेंडंटला गाठलं. म्हटलं, आमच्या मंडळींना उद्या शेवटच्या सकाळी खास वागणूक हवी. तो खूश. म्हणाला, सांगा साहेब, काकूंना काय आवडतं?

मी तोंड उघडलं. मग मिटलं. मग म्हटलं, ते मी स्वतःच करणार आहे, तुम्ही फक्त किटली आणि दूध आणून ठेवा.

प्लॅन पक्का. उद्या ही उठायच्या आत चहा तयार. इतकी वर्षं हिने माझ्या हातात कप दिला, उद्या मी हिच्या हातात देणार. साखर अंदाजाने नाही. काट्यावर.

२२ मार्च, घरी

सकाळी चहा केला. पहिला सांडला, दुसरा उत्तम. ही उठून बसली, कप बघितला, मला बघितलं आणि डोळ्यांत पाणी आलं तिच्या. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. कपाच्या तळाशी थेंब ठेवला नाही. मी म्हटलं, बघ, मनावर घेतलं की जमतं. ही म्हणाली, छान झाला होता हो.

सबंध सकाळ मी तरंगत होतो. उतरण्याच्या रांगेतसुद्धा चिडलो नाही. पुढे ही आणि तिची ती सुटकेसवाली मैत्रीण. मैत्रीण म्हणाली, चला, उतरायच्या आधी एकेक कप घेऊ. ही म्हणाली, हो गं, आता कॉफी हवीच, सकाळी यांनी चहा केला म्हणून प्यायले, एरवी आयुष्यात चहाला तोंड लावत नाही मी, लग्नाआधीपासून.

मी मागेच होतो. हातात दोन बॅगा.

साखर मात्र अचूक दहा ग्रॅम होती.