डाव्या कानाचं ऑपरेशन

प्रिय भूषणचे पप्पा,

‘प्रिय’ लिहिताना हात अडला. पण पत्राची सुरुवात अशीच करतात म्हणून लिहिलं, हुरळून जाऊ नका!

तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली, तुमच्या फोटोशी मी एक शब्द बोलले नाही. आज लिहितेय, कारण परवा माझ्या डाव्या कानाचं ऑपरेशन होतं आणि ते झालं नाही. कान फुटला तुमच्यामुळे आणि ऑपरेशन राहिलं तुमच्या लेकामुळे. मग हे सांगू तरी कोणाला?

आठवतं का? डिंडोलीतली पहिली खोली, भूषण चार वर्षांचा. वरणात मीठ जास्त झालं आणि तुम्ही कानाखाली अशी वाजवलीत की मी भिंतीवर जाऊन आदळले. कानातून रक्त आलं. पोरगं दारात उभं राहून बघत होतं. दुसऱ्या दिवशी तुम्हीच शिकवलंत, “कारखान्याच्या आवाजानं कान गेला म्हण.” कडोदऱ्याच्या कापड कारखान्यात मी धाग्याच्या बॉबिन भरायचे, तिथं निम्म्या बाया कमीच ऐकायच्या. सगळ्यांना पटलं! तेवीस वर्षं मी हेच सांगत राहिले. तुमच्या तेराव्याला बाया म्हणाल्या, “देवमाणूस होता.” मी मान हलवली. स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

गेल्या महिन्यात गुजराती डॉक्टरबाईंनी कानात दुर्बीण घातली आणि म्हणाल्या, “बा, आवाजानं पडद्याला असं भोक पडत नाही. कोणी मारलं?”

“नवऱ्यानं,” माझ्या तोंडून निघून गेलं. आपली सून जयश्री शेजारीच बसली होती. तिनं खाली बघितलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं!

परवा सकाळी ती माझी दवाखान्याची पिशवी भरत होती. भूषणचा डबा राहिला. एवढंच! त्यानं तिचे केस धरले आणि डोकं कपाटावर आपटलं. एकदा नाही, दोनदा. मी लाटणं उचललं.

“माय, बाजूले व्हय!” तो ओरडला.

नाही झाले. मनगटावर हाणलं, खांद्यावर हाणलं, तो खाली बसला तरी हाणत राहिले. खरं सांगू? त्यातले निम्मे तुमच्या वाट्याचे होते. आणि मारताना मला बरं वाटलं. त्याचीच आता भीती वाटते हो!

दवाखान्यात नर्सनं तीनदा बीपी मोजलं, तिन्ही वेळा चढलेलंच. “बा, आजे ऑपरेशन नहीं थाय.” आज होणार नाही, पंधरा दिवसांनी या म्हणाले. जयश्रीच्या कपाळाला टाके पडत होते आणि मी बाहेर बाकावर बसून ढसाढसा रडत होते.

आता तयारी चालू आहे. कानात पाण्याचा थेंब जायला नको, जड उचलायचं नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही, डाव्या कुशीवर झोपायचं नाही. जयश्रीनं माझ्यासाठी पुढून बटणं असलेले दोन गाऊन शिवलेत, डोक्यातून काही घालायला नको म्हणून. पाण्याचा हंडा ओट्यावरून खाली घेतलाय. बिनमिठाचं जेवण घशाखाली उतरत नाही, तरी जेवते.

भूषणला घराबाहेर काढलंय. इच्छापोरला मित्राच्या खोलीवर राहतो. सारखा फोन करतो, “माय, ऑपरेशनला मी नको का?” पोटचं पोर आहे, जीव तुटतो. फोन ठेवला की बीपी पुन्हा वर! काल जयश्रीच म्हणाली, “आई, बोलवून घ्या त्यांना. निदान तुमचं बीपी उतरून ऑपरेशन तरी होईल.” कपाळाला पट्टी, आणि काळजी माझ्या कानाची! तुम्ही आयुष्यात कधी अशी विचारपूस केलीत का?

तर ऐका, वचन देते. ऑपरेशनच्या कागदावर जयश्रीच सही करेल, बाहेर तीच थांबेल. बीपी उतरलं तर ठीक. नाही उतरलं, पुन्हा तारीख गेली, कान कायमचा गेला, तरी या पोरीच्या मनात भीती असेपर्यंत तुमच्या लेकाला मी दार उघडणार नाही.

जयश्रीची सासू,
सुमन