संपादक म्हणून छापलेलं नाव

आजोबा, शनिवारी बर्मिंगहॅमच्या कम्युनिटी हॉलमध्ये मी तुमच्याविषयी बोलले, आणि तेव्हापासून बाबा माझ्याशी बोललेले नाहीत. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. तरी हे तुम्हालाच लिहिते आहे.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. बाबा हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर, आई तिच्या कामावर. तुम्ही स्वयंपाकघरात उभे आहात, कॉफी उतरावी म्हणून फिल्टरवर चमचा वाजवत. तंजावरच्या आपल्या घरात बोलणं मराठी आणि तुम्ही काढायचात ते वर्तमानपत्र तमिळ. पुण्याच्या आईला याचं नवल वाटायचं, तुम्हाला कधीच नाही. तुम्ही तुरुंगात होता असं सगळे म्हणतात, म्हणून मी विचारते, "जेलमध्ये कॉफी मिळायची?" तुमचा हात थांबतो. "मला काय माहीत? मी गेलोच नाही." मग एखाद्या यंत्राची रचना समजावावी तशी तुम्ही तुमच्या वर्तमानपत्राची रीत सांगता. इंग्रज सरकारविरुद्धचा अग्रलेख तुम्ही लिहायचा, पण अंकावर संपादक म्हणून नाव छापायचं छापखान्यातल्या दुसऱ्याच माणसाचं. खटला झाला की तो आत जाणार, तुम्ही बाहेर राहणार, अंक निघत राहणार. हे सगळ्या छापखान्याला ठाऊक होतं, त्यालाही. "त्यात लबाडी नव्हती," तुम्ही म्हणता. "लबाडी पुढे झाली. निवडणुकीच्या सभेत कुणीतरी मला तुरुंग भोगून आलेला संपादक म्हणालं. टाळ्या पडल्या. मी गप्प बसलो."

"मग निवडून आलात?"

"आलो की."

मी हसले. तुम्ही चमचा आपटलात. "यात हसण्यासारखं काय आहे?" तुम्ही माझ्यावर ओरडल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं. संध्याकाळी तुम्ही मला छापलेली अक्षरं तपासायचं तुमचं भिंग दिलंत. ती समजूत होती की लाच, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता मी इथे इंग्लंडमध्ये रेल्वेच्या ब्रेकच्या चाचण्या घेते. आमच्याकडे जो तपासतो तोच सही करतो. बाबांच्या इथल्या मराठी मंडळाने तुमच्या स्मरणार्थ कार्यक्रम ठेवला, तेव्हा बाबांच्या घशाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून त्यांचं भाषण मी वाचायचं ठरलं. त्यात एक वाक्य होतं: माझ्या वडिलांनी देशासाठी तुरुंगवास भोगला. आदल्या दिवशी मी म्हणाले, "बाबा, हे काढू या. ते गेले नव्हते."

"माहीत आहे मला." आवाज घोगरा, पण शब्द स्पष्ट. "अगं, लोक फंक्शनला येतात, इन्स्पेक्शनला नाही. लिहिलंय तसं वाच."

"आवाज माझा असणार आहे, बाबा."

"आणि वडील माझे."

हॉलमध्ये मी त्या वाक्यापर्यंत नीट वाचत गेले आणि थांबले. बाबा पहिल्या रांगेत होते. मी कागदावरून नजर काढली आणि म्हणाले की तुरुंगात आजोबा गेले नाहीत. अग्रलेख त्यांचे, पण संपादक म्हणून छापखान्यातल्या ज्या गृहस्थांचं नाव छापलं जायचं, ते गेले. मग मागच्या रांगेतून एका वयस्क बाईंनी अगदी सहज विचारलं, "काय हो नाव त्यांचं?"

मला माहीत नव्हतं. तुम्ही त्या दुपारी सांगितलं नव्हतंत, आणि मी ते विचारलं नव्हतं. नऊ-दहा वर्षांची असताना नाही, आणि परवा बाबांशी वाद घालतानाही नाही. "मला ठाऊक नाही," एवढं म्हणून मी खाली बसले. पहिल्या रांगेत बाबांचे ओठ हलले. जे काही होतं ते माझ्यापर्यंत पोहोचलं नाही, पण ते नावच होतं याची मला खात्री आहे. गाडीत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यांना फोन करून विचारलं तर ते कदाचित सांगतील. मी अजून फोन केलेला नाही. हे पत्र लिहीत बसले आहे, तेही तो फोन टाळण्यासाठीच.