ज्या पुस्तकांवर माझे नाव नाही

अल्लाहच्या नावाने. मी, बद्रान अब्दुलहलीम शत्ता, वय एकोणऐंशी, अरबी भाषेचा निवृत्त शाळा-तपासनीस, राहणार दुम्यात, इजिप्त, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवीत आहे. हृदय थकले आहे असे डॉक्टर म्हणतात. डोके शाबूत आहे असे मी म्हणतो. हे लिहिताना माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. लाज आहे, पण लाजेला कायदा जबरदस्ती म्हणत नाही.

कलम पहिले. शरियतप्रमाणे मिळकतीचा तिसरा हिस्सा तेवढा माझ्या मर्जीचा. बाकीचे माझी एकुलती मुलगी करीमान आणि धाकटा भाऊ सलामा यांच्यात निम्मे-निम्मे व्हावे. घर विकायचे झाल्यास न्हाणीघराची भिंत ओल धरते हे घेणाऱ्याला आधी सांगावे. सलामा सांगणार नाही, म्हणून इथे लिहितो.

कलम दुसरे. माझ्या लग्नात सलामाने स्वतः बनवून दिलेले लिहायचे टेबल त्याचे त्याला परत जावे. टेबलाचा एक पाय आखूड आहे. सलामा अजून म्हणतो, फरशी वाकडी. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण सुतारांनाही लागू पडते. त्या पायाखाली मी एक पातळ पुस्तक सरकवून ठेवले आहे. ते कोणते, हे पुढच्या कलमात येईल.

कलम तिसरे. कपाटातले व्याकरणाचे आणि अभिजात वाङ्मयाचे सर्व ग्रंथ मुलांच्या माध्यमिक शाळेला द्यावेत. ते काढले की मागे कुलूपबंद कप्पा दिसेल. त्यात सरहान कामेल या लेखकाच्या खिशात मावणाऱ्या रहस्यकथा आहेत. वर्तमानपत्रांच्या टपरीवर वाचून झालेली द्यायची आणि दुसरी न्यायची, त्या जातीच्या. त्यांतला जमादार अतिया मिठाई खात खात खुनी पकडतो.

सरहान कामेल नावाचा माणूस नाही. ती पुस्तके मी लिहिली आहेत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दार लावून लिहीत असे. वर्षभर शाळाशाळांतून अभिजात गद्याची थोरवी सांगणारा तपासनीस घरी चोर-पोलीस रंगवतो, हे कळले असते तर माझी छीथू झाली असती, असे वाटे. सलामाने मात्र ओळखले. ‘रोगणाच्या डब्यातले विष’ हे एवढे एकच पुस्तक त्याने आयुष्यात शेवटपर्यंत वाचले. ते घेऊन तो तडक घरी आला.

“खुनी सुतार म्हणजे मीच ना रे? फरशीला नावं ठेवणारा दुसरा कोण आहे या गावात? आणि इतका बावळट, की विष कालवून हात न धुता जेवायला बसतो?”

“हळू बोल. तुझ्या बायकोला कळेल.”

“तिनंच तर आणून दिलं! म्हणते, हुबेहूब उतरलायत.”

त्याने ते माझ्यासमोर टेबलावर आपटले. टेबल डुगडुगले, म्हणून मी ते पायाखाली घातले. तेव्हापासून ते तिथेच आहे. सलामाने कोणाला सांगितले नाही, याबद्दल त्याचा आभारी आहे. माझ्याकडून उसना नेलेला रंधा मात्र त्याने अजून परत केलेला नाही.

कलम चौथे. हे लिहायला हात धजत नाही.

वर सांगितलेल्या शाळेत नशवा अल-बयूमी नावाची तरुण शिक्षिका आहे. या गावातली निम्मी मुले दुपारनंतर फर्निचरच्या कारखान्यात असतात. परीक्षेला नेमलेली कादंबरी कोणी उघडत नाही. गाईडमधली तयार उत्तरे घोकतात आणि पास होतात. नशवाने वर्गात ‘रोगणाच्या डब्यातले विष’ मोठ्याने वाचले, ऐन रंगात आले की थांबायची. ते संपल्यावर तिने नेमलेली कादंबरी पुढे ठेवली आणि विचारले, “आता यात गुन्हा कोणता आणि गुन्हेगार कोण? पुरावा पुस्तकातून आणायचा.” या प्रश्नाचे उत्तर गाईडमध्ये नव्हते. मुलांना पुस्तक उघडावे लागले. उघडले ते मिटेनात.

मग एका बापाला दप्तरात खुनाचे पुस्तक सापडले आणि चौकशी बसली. अनुभवी तज्ज्ञ म्हणून मत द्यायला मला बोलावले. टेबलावर माझेच पुस्तक पडले होते, पाने हाताळून मऊ झालेले.

नशवाने विचारले, “उस्ताद, तुम्ही हे वाचलंय का?”

“असला कचरा मी हातात धरत नाही.”

“मग डबा उघडतात ते पान तेवढं वाचा. तिथं माझी पोरं श्वास रोखून बसतात. लिहिणारा कोण आहे माहीत नाही, पण त्याला मुलं कळतात.”

जन्मभरात माझ्या लिखाणाचे कोणी इतके कौतुक केले नव्हते. मी मान खाली घातली आणि ‘अशा वाङ्मयाने विद्यार्थ्यांची अभिरुची बिघडते’ या मतावर सही केली. त्या सहीच्या जोरावर तिला वर्गावरून काढून दाखले लिहायला कचेरीत बसवणार आहेत. पुस्तके लिहिल्याची लाज मी आयुष्यभर बाळगली. ती खोटी होती. ही खरी आहे.

म्हणून माझ्या मर्जीच्या हिश्श्यातून शाळेत वाचनाची खोली करावी. तिथे अभिजात आणि टपरीवरची पुस्तके एकाच फळीवर ठेवावीत. सरहान कामेलच्या पुस्तकांवर माझे नाव छापावे, आणि माझ्या मृत्यूनंतर हे कलम चौकशीपुढे वाचून दाखवावे.

कलम पाचवे. साक्षीदार म्हणून सही करायला आज नशवाला घरी बोलावले होते. तिने उभ्याउभ्याच सगळे वाचले. मला वाटले हसेल, नाहीतर रडेल.

“म्हणजे हे तुमच्या मागे वाचायचं? आणि तोवर मी दाखले लिहीत बसायचं?”

“पोरी, तुझ्यावरचा डाग पुसला जाईल.”

“मेल्यावर खरं बोलायला काय लागतं, उस्ताद? रविवारी पुढची बैठक आहे. या. मग करते सही.”

पेन ठेवून गेली. चहालाही शिवली नाही.

तेव्हा चौथ्या कलमातले ‘माझ्या मृत्यूनंतर’ हे शब्द मी रद्द करीत आहे. ते कलम येत्या रविवारी अमलात यावे. बाकीच्या कलमांना घाई नाही. टेबलाच्या पायाखालचे पुस्तक रविवारी न्यायला आत्ताच काढले. या ओळी वेड्यावाकड्या आल्या आहेत त्या टेबलामुळे; माझ्या मनाच्या स्थैर्याबद्दल कोणी शंका घेऊ नये.

दुम्यात, गुरुवार, १४ मार्च २०१९.

लिहून ठेवणार: बद्रान अब्दुलहलीम शत्ता, तोच सरहान कामेल.

साक्षीदार: शहात अबू-समरा, वर्तमानपत्रांची टपरी. (मला वाटलंच होतं. नवं पुस्तक आलं की पहिलं हेच घेऊन जायचे.)

साक्षीदार: नशवा अल-बयूमी, शिक्षिका. रविवार, १७ मार्च, चौकशीच्या खोलीत सही केली. उस्ताद आले होते. आपलं मत मागे घेतलं, नाव सांगितलं आणि डबा उघडतात ते पान स्वतः वाचलं. निकाल अजून दिलेला नाही. पान संपलं. मग चौकशीच्या मुख्य साहेबांनी विचारलं, “पण मग विष कालवलं कोणी?”